चिठ्ठी नसलेली कवळी

त्या लॅबमध्ये दिवसभर दात बनत. खरे नव्हेत हो, खोटे. कुणाला वरची कवळी, कुणाला खालची, कुणाला नुसते पुढचे दोन. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, प्लास्टरकाका त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करायचे, ताई त्या जबड्यावर मेणाची हिरडी चढवून एकेक दात बसवायची. मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरलं जायचं आणि कवळी जायची पॉलिशवाल्याकडे. तो फिरत्या चाकावर ती अशी घासायचा की बघत राहावं. शेवटी पॅकिंगवाली पोरगी ती डबीत घालून ज्या त्या दवाखान्याच्या पिशवीत टाकायची.

आता दिवसभर दुसऱ्यांची तोंडं दुरुस्त करणाऱ्या माणसानं स्वतःचं तोंड जरा सांभाळावं की नाही? पण पॉलिशवाल्याच्या जिभेला हाडच नव्हतं. कामाला चोख, वेळेला पक्का, आणि सकाळी दारातून पाऊल आत टाकलं की सुरू. पॅकिंगवाली बारीक, म्हणून ती 'काडी'. "पंखा बंद करा रे, काडी उडेल!" प्लास्टरकाकांचा एक डोळा जरा तिरका, तर त्यांना रोज, अगदी रोज, "काका, माझ्याशी बोलताय की खिडकीशी?" आणि स्वतःच्या विनोदावर सगळ्यांच्या आधी तोच हसायचा, तेही असा तोंडभरून, की त्याच्या पाठीमागे सगळे त्याला 'बत्तीशी' म्हणायचे. पांढरे शुभ्र, सरळ रेषेत, लखलखीत दात. पॉलिशवाल्याला शोभतील असे.

सगळ्यात जास्त प्रसाद मिळायचा ताईला. ताई अंगानं दणकट. लठ्ठच म्हणा ना, तिला स्वतःला त्याचं काही नव्हतं. तिच्या घरातल्या सगळ्या बायका तशाच, आणि सगळ्या ठणठणीत. पण ती आत आली की बत्तीशीनं टेबल दोन्ही हातांनी गच्च धरायचं आणि ओरडायचं, "भूकंप!" तिनं डबा उघडला की "अरे, दुष्काळ पडणार बघा." चार वर्षांपूर्वी नवऱ्याशी पटेना म्हणून ताई आपणहून घर सोडून धाकट्या बहिणीकडे राहायला आली. त्यावर तर त्यानं अख्खी गोष्टच रचली होती. बिचारा नवरा झोपला होता, ही कुशीवर वळली, तो जीव घेऊन जो पळाला तो अजून पळतोय. नवा माणूस लॅबमध्ये आला, की त्याला ही गोष्ट ताईच्या देखत ऐकवली जायची.

आणि ताई काय करायची? ताई हसायची. हो, हसायची! ऐकून डोकं फिरतं ना? पण तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हसला असता. तिथे सगळेच हसायचे. काकांवर विनोद झाला की पॅकिंगवाली हसायची, पॅकिंगवालीवर झाला की काका हसायचे, आणि दोघांवर झाला की ताई हसायची, कारण तेवढ्यापुरती तरी आपली पाळी टळली म्हणून जीव भांड्यात पडायचा. एकदा ताईनं धीर करून मॅडमच्या कानावर घातलं. मॅडम म्हणजे लॅबच्या मालकीणबाई, मनानं चांगल्या, पण भांडणाचा वास आला की यांना कुठलं तरी महत्त्वाचं काम आठवायचंच. त्या म्हणाल्या, "अहो ताई, तो गमतीनं बोलतो. आपण सगळे एका घरातले. मनावर नाही घ्यायचं." ताईनं मान हलवली आणि परत येऊन मेण वितळवायला घेतलं.

तेव्हापासून तिनं दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे दुपारचा डबा ती मागच्या मोरीपाशी, प्लास्टरच्या गोण्यांच्या आडोशाला उभ्यानं खाऊ लागली. आणि दुसरी म्हणजे बत्तीशीच्या तोंडाकडे बघायचंच नाही असं ठरवलं. त्याच्याजवळून जावं लागलं तर कामाचा ट्रे पोटासमोर घट्ट धरायचा, मान खाली घालायची, आणि सटकायचं.

असं दोन वर्षं चाललं. मग मेणाच्या टेबलाचे जुने प्रमुख म्हातारपणामुळे घरी बसले आणि मॅडमनी ताईला बोलावून सांगितलं, "आता हे टेबल तुम्ही सांभाळा. शनिवारी मला हो म्हणा."

दुसऱ्या कुणाला आनंदानं आकाश ठेंगणं झालं असतं. ताईनं मात्र आधी खिडकीकडे बघितलं. कारण प्रमुखाची जागा खिडकीपाशी, मोठ्या टेबलाच्या टोकाला, आणि त्याच्या बरोब्बर समोर पॉलिशचं चाक. म्हणजे सकाळी बसल्यापासून संध्याकाळी उठेपर्यंत समोर बत्तीशी.

घरी आल्यावर तिनं धाकटीला सांगून टाकलं, "मी नाही म्हणणार. आणि तिथे राहणारच नाही. गावाच्या त्या टोकाला एक लॅब आहे, तिथे बोलणं केलंय."

धाकटी मटार सोलत होती. तिनं हातातली शेंग ताटात आपटली. "त्या लॅबमध्ये मेणाचं काम आहे?"

"नाही. नुसत्या धातूच्या टोप्या. दाढेवर बसवायच्या."

"टोप्या!" धाकटी म्हणाली. "जबडा बघून माणूस कसा हसत असेल ते ओळखणारी बाई तू. त्या दिवशी इथे बसून मला तासभर सांगत होतीस, की पुढचा एक दात केसभर वळवून बसवावा लागतो, सगळे एका रांगेत उभे केले की खोटे दिसतात. आणि आता टोप्या ठोकत बसणार? का, तर एका माणसाचं तोंड बंद होत नाही म्हणून?"

"मग काय करू?"

"उद्या जा आणि दे एक थोबाडीत."

"नोकरी जाईल माझी!"

"सोडतेच आहेस ना? मग देऊन सोड."

ताईला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. धाकटीनं मटाराचं ताट बाजूला सारलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मेणाचं काम सोडायच्या कल्पनेनंच ताईचा जीव तीळतीळ तुटत होता. पण तिचं ठरलं होतं. शनिवारी नाही म्हणायचं आणि त्याच दिवशी सोडायचं.

शनिवारी ती लवकरच गेली. तिच्याआधी फक्त बत्तीशी आलेला, तोंडाला मास्क लावून चाकापाशी खाली मान घालून बसलेला. प्लास्टिकची धूळ उडते म्हणून मास्क सगळेच लावायचे, त्यात नवल नव्हतं. ताई श्वास रोखून त्याच्यासमोरून गेली. ट्रे पोटाशी धरलेलाच होता. भूकंप नाही. दुष्काळ नाही. तिनं मनात म्हटलं, चला, आपल्याला शेवटच्या दिवशी सुटी दिलेली दिसते.

थोड्या वेळानं पॅकिंगवालीनं गरम पाण्याचं भांडं उघडलं. तुटलेली कवळी जोडली की ती पक्की होण्यासाठी त्या भांड्यात ठेवतात. "ताई, यात एक वरची कवळी आहे, पण हिला चिठ्ठी नाही. कुणाची?"

तिथला नियम असा, की प्रत्येक कामाला दवाखान्याच्या नावाची चिठ्ठी बांधलेलीच पाहिजे. आणि तो नियम मोडणारे एकच, नाक्यावरचे डॉक्टर. त्यांना चिठ्ठी लिहायला सांगून सांगून सगळ्यांनी हात टेकले होते. बिनचिठ्ठीचं काम म्हणजे नाक्यावरचे डॉक्टर, हे इतकं ठरून गेलेलं की कुणी दुसरा विचारच करत नसे.

ताईनं कवळी हातात घेऊन उजेडात धरली. मधून तडा गेलेला, घाईघाईनं जोडलेला. आणि दात बघून तिनं नाकच मुरडलं. "कुणी बसवलेत गं हे? कवायतीला उभे केल्यासारखे. आणि पांढरे किती! ज्याच्या तोंडात असतील तो माणूस जाहिरातीतला दिसत असेल."

"पाठवू?"

"पाठव. नाक्यावरच्यांचीच असणार."

पॅकिंगवालीनं कवळी डबीत घातली, डबी पिशवीत टाकली, आणि पिशवी गेली.

मग लॅबमध्ये एक चमत्कार झाला. म्हणजे काहीच झालं नाही, हाच चमत्कार. नऊ वाजले, दहा वाजले, बत्तीशी बोलेना. पॅकिंगवाली त्याच्यासमोरून दोनदा गेली, पंख्याचं नाव नाही. काका मुद्दाम खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, तरी हूं की चूं नाही. कुणी काही विचारलं तर तो नुसती मान हलवायचा. मध्येच उठून तो गरम पाण्याच्या भांड्यापाशी गेला, झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं, परत उघडलं. मग टेबलाखाली बघितलं. मग कचऱ्याच्या डब्यात. लोकांना वाटलं, याची बिडीची पुडी हरवली असेल.

"घसा बसला वाटतं," काका पुटपुटले.

"बसू दे की निवांत," पॅकिंगवाली म्हणाली, आणि दोघं खुदकन हसले. कुणावरही न हसता हसले, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

अकराच्या सुमाराला काका चक्क गुणगुणायला लागले. काकांना गाता येतं हे त्या लॅबमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. आवाज काही फार गोड होता अशातला भाग नाही, पण सूर पक्का होता. दुपारी जेवायची वेळ झाली तशी ताई सवयीनं डबा घेऊन मोरीकडे निघाली. पॅकिंगवालीनं हाक मारली, "ताई, इथे बसा की. आज जागा आहे." जागा रोजच होती. पण ताईला ते समजलं, आणि ती टेबलाशी खुर्ची ओढून बसली. दोन वर्षांनी बसून जेवली. पॅकिंगवाली तिच्या आईच्या तक्रारी सांगत होती, काका काकडी कापत होते, मिठाची बाटली या हातातून त्या हातात फिरत होती. बत्तीशी जेवायला आलाच नाही. ताईनं शेवटचा घास मुद्दाम सावकाश खाल्ला. एवढंच तर हवं होतं, बसून चार घास. आणि हे असं एकदाच, जायच्या दिवशी.

ती उठून हात धुवायला मोरीवर गेली तर मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. बत्तीशी. तिनं झटकन ट्रे शोधला, पण हात ओले आणि ट्रे टेबलावर.

"ताई," तो मास्कच्या आतून म्हणाला.

ताई! भूकंप नव्हे. आणि आवाज कसा, तर फुग्यातून हवा जावी तसा. अर्धे शब्द ओठातच विरत होते. "ताई, त्या भांड्यात... शकाळी... एक वरची होती..."

ताईनं दोन वर्षांत पहिल्यांदा मान वर करून त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मास्क होता, पण गाल काही लपत नाहीत. आत बसलेले गाल, खाली ओघळलेला वरचा ओठ. रोज प्लास्टरच्या जबड्यावरून चेहरे ओळखणाऱ्या बाईला आणखी काय सांगायला हवं? तिला एकदम सगळं कळलं आणि ती भिंतीला टेकली.

"ती तुमची?"

त्यानं मान हलवली. शकाळी बेशिनमध्ये पडली, म्हणाला. दोन तुकडे झाले. कुणी यायच्या आत जोडून भांड्यात टाकली होती, वाटलं, तासाभरात काढून घेऊ. "कुणाला शांगू नका," तो म्हणाला. "हशतील ओ शगळे."

हसतील! ताईला त्या शब्दाची गंमतच वाटली. हा माणूस हसण्याला घाबरतो! ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात बाहेरून मॅडमची हाक आली. "सगळे जरा इकडे या बरं!"

मॅडम मोठ्या टेबलापाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या तळहातावर रुमाल, रुमालावर ती कवळी. नाक्यावरच्या डॉक्टरांचा फोन आला होता. त्यांच्या पिशवीत एक कवळी जास्त. त्यांच्याकडे त्या मापाचा कुणी माणूसच नाही. त्यांनी परत पाठवून दिली, वर दोन शब्द सुनावले. "चिठ्ठी नाही, नाव नाही," मॅडम म्हणाल्या. "कुणाचं काम आहे हे?"

पॅकिंगवालीनं वाकून बघितलं. "काय बाई दात तरी! माणूस दाराबाहेर असतानाच हे आत दिसतील."

"नाटकवाल्याचे असतील," काका म्हणाले. "सगळ्यात मागच्याला दिसायला नकोत का?"

सगळे हसले. रोज समोर बघितलेले दात, पण तोंडाबाहेर निघाल्यावर एकालाही ओळखता आले नाहीत.

ताईच्या जिभेवर वाक्य आलं. आपोआप आलं, तिनं शोधलंसुद्धा नव्हतं. ओळखलं नाहीत? रोज आपल्याला हसतात ते! बस, एवढंच. छप्पर उडालं असतं. काकांच्या तिरक्या डोळ्याचा, पंख्याचा, भूकंपाचा, पळालेल्या नवऱ्याचा, सगळ्याचा हिशेब एका फटक्यात चुकता. धाकटी असती तर तिनं ते वाक्य केव्हाच फेकून मारलं असतं, वर टाळ्यांची वाट बघत उभी राहिली असती.

ताईनं त्याच्याकडे बघितलं. तो सगळ्यांच्या मागे उभा होता आणि एका हातानं मास्क तोंडावर घट्ट दाबून धरलेला. बोटं पांढरी पडली होती. ते धरणं तिच्या चांगलं ओळखीचं होतं. तीही ट्रे असाच धरायची.

छे, ताई मनात म्हणाली. हे नाही. त्याचे दात पडले यात त्याचा काय गुन्हा? आपलं वजन जसं आपलं, तसे त्याचे दात त्याचे. त्याचा गुन्हा दुसराच आहे, आणि तो काही रुमालावर नाही.

"माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "सकाळी मीच पाठवायला सांगितली. माझी चूक. मी बघते ती कुणाची."

मॅडमना तेवढंच हवं होतं. त्यांनी रुमालासकट कवळी तिच्या हातात दिली. ताई मोरीपाशी गेली, कवळी घासून धुतली, तड्यावरून बोट फिरवून बघितलं आणि मागोमाग आलेल्या बत्तीशीच्या हातावर ठेवली. त्यानं भिंतीकडे तोंड करून ती बसवली. टक् असा आवाज आला आणि त्याचे गाल जागेवर आले.

"उपकार झाले ताई," तो म्हणाला. सगळी अक्षरं परत आली होती.

"जोड कच्चा आहे," ताई म्हणाली. "महिनाभरसुद्धा टिकायचा नाही. नवी करावी लागेल."

मग चहा आला. सगळे मोठ्या टेबलाभोवती जमले, मॅडमसुद्धा, कारण त्यांना ताईचं उत्तर हवं होतं. बत्तीशीनं मास्क काढला आणि खुर्चीत ऐसपैस बसला.

आता तुम्हाला वाटेल, माणूस शहाणा झाला असेल. डोळ्यांत पाणीबिणी आलं असेल. कसलं काय! दिवसभर कोंडलेली जीभ ती, आणि भीती पुरती ओसरलेली नव्हती. सगळे आपल्या तोंडाकडे तर बघत नाहीत ना, म्हणून त्यानं सवयीनं सगळ्यांच्या नजरा दुसरीकडे वळवल्या. "काय हो, आज म्हणे भूकंप टेबलावर बसून जेवला? टेबलाचे पाय मोजा रे, चारच्या चार आहेत ना?"

आणि सगळे हसले. सवयच ती. पण दिवसभर बंद राहिलेलं ते हसू नीट निघेना. काकांचं मध्येच अडलं.

ताईनं कप खाली ठेवला. "थांबा," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण दोन वर्षांत तिनं हा शब्द उच्चारला नव्हता, त्यामुळे सगळे खरंच थांबले.

"भाऊ, मला हे आवडत नाही. आज नाही, कधीच आवडलं नाही. माझं अंग, माझा डबा, माझा नवरा. यावर तुम्ही बोलता ते मला लागतं. मी हसले म्हणून तुम्हाला वाटलं असेल मला चालतं. नाही चालत. मी दोन वर्षं तिकडे मोरीपाशी उभ्यानं जेवतेय, ते मला गोण्यांची हौस आहे म्हणून नाही."

बत्तीशीचा हात नकळत तोंडाशी गेला. चेहरा पांढराफटक. ताईच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "घाबरू नका. मी त्याबद्दल बोलत नाहीये. ते तुमचं तुमच्यापाशी. मी बोलतेय ते रोज तुम्ही आपण होऊन बाहेर काढता त्याबद्दल."

"कशाबद्दल? ते म्हणजे काय?" पॅकिंगवालीनं विचारलं. ते तिला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि ती अजून विचारते.

"आणि काका," ताई वळून म्हणाली, "तुमच्या डोळ्यावर तो बोलायचा तेव्हा मी हसलेय. चुकलं माझं."

काकांनी चहाकडे बघितलं. "मीही हसलोय की तुझ्यावर," ते म्हणाले. "रोज."

"मला पण नाही आवडत ते काडी," पॅकिंगवाली घाईनं म्हणाली, जणू नंतर संधी मिळणार नाही.

"अहो, तो गमतीनं..." मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची मागे सारली. त्यांना काम आठवलेलं दिसत होतं.

"मॅडम, बसा," ताई म्हणाली. आणि गंमत अशी की मॅडम बसल्या. "तुम्हाला आज उत्तर हवं होतं ना? सकाळी मी नाही म्हणायला आले होते. दुसरीकडे बोलणंसुद्धा झालंय. पण हे टेबल माझं आहे. मेणाचं काम मला जमतं आणि मला ते आवडतं. मी का जाऊ? मी टेबल घेते. फक्त या टेबलावर कुणी कुणाच्या अंगावर आणि घरावर बोलायचं नाही. बोललं तर तुम्ही बोलावून विचारायचं, मी नाही. आणि हे तुम्ही आत्ता सांगायचं, सगळ्यांसमोर. नाहीतर सोमवारी मी येत नाही."

मॅडमनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सुटायला वाट नव्हती. त्यांनी घसा खाकरला आणि काहीतरी पुटपुटल्या.

"ऐकू नाही आलं," काका म्हणाले.

"इथे कुणी कुणाच्या अंगावर, घरावर बोलायचं नाही!" मॅडम म्हणाल्या, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकल्या. मग त्यांनी पॉलिशवाल्याकडे बघितलं. "तुम्हाला सांगतेय. मी आधीच सांगायला हवं होतं. परत झालं तर माझ्यापुढे उभं राहावं लागेल."

"बरं," तो म्हणाला. तेवढंच.

घरी धाकटीनं दारातच विचारलं, "काय झालं? नाही म्हणालीस?"

"हो म्हणाले."

"आणि थोबाडीत?"

"नाही दिली."

"मग काय केलंस काय तू?" धाकटीचा अगदी हिरमोड झाला. ताईनं तिला बोलणं सगळं सांगितलं, कवळीचं मात्र अक्षरही सांगितलं नाही. त्यामुळे धाकटीचं मत अजूनही असंच आहे, की गोष्टीत काहीतरी गाळलंय.

सोमवारी ताई खिडकीपाशी बसली. समोर चाक, चाकामागे तो. आता तिला त्याच्या तोंडाकडे बघता येत होतं, आणि खरं सांगायचं तर कामाच्या नजरेनंच ती बघत होती. पुढचे दोन फार लांब होते. नव्या कवळीत ते कमी करायला हवेत, आणि एक जरासा वळवायला हवा.

दुपारी ती टेबलाशी जेवायला बसली. पॅकिंगवाली बसली, काका बसले. तो उशिरा आला आणि टोकाची खुर्ची घेऊन बसला. त्याचं काय झालं होतं ते सगळ्यांना दिसत होतं. बोलायला तोंड उघडायचा, काहीतरी आठवायचं, मिटायचा. पॅकिंगवालीकडे बघायचा, परत मिटायचा. ताईच्या डब्याकडे नजर गेली, ओठ हलले, आणि त्यानं पाण्याचा घोट घेतला. एवढी वर्षं बडबड करणारा माणूस, पण दुसऱ्याचं अंग आणि घर वगळलं तर त्याच्यापाशी एक वाक्य शिल्लक नव्हतं. काकांची अर्धी काकडी संपली तरी तो शोधतच होता.

शेवटी त्याला सापडलं.

"ताई," तो म्हणाला, "जरा मीठ द्या."

ताईनं बाटली उचलून त्याच्याकडे सरकवली. "घ्या भाऊ," ती म्हणाली, आणि दोघंही आपापल्या डब्यात बघून जेवू लागले.